अकरावा प्रश्न

सिस्टर: चालताना तोल, झाला. थकवा, झाला. लघवी, तेही झालं. दहा प्रश्न संपले, टेलरबाई. फाइलवर धंदा टेलर लिहिलाय म्हणून टेलरबाई म्हणते, चालेल ना? आता अकरावा. हा आला की सगळ्या बायका खिडकीबाहेर बघतात. तुम्ही माझ्याकडे बघा.

टेलरबाई: बघते. विचारा.

सिस्टर: नवरा-बायकोच्या संबंधात काही अडचण येते का? म्हणजे इच्छा न होणं, स्पर्श न कळणं, कोरडेपणा, दुखणं, आग होणं, सुख शेवटापर्यंत न पोचणं. यातलं काहीही.

टेलरबाई: काय विचारलंत?

सिस्टर: ऐकू आलं ना?

टेलरबाई: आलं. सिस्टर, हा प्रश्न आज नवीन घातलाय का तुम्ही?

सिस्टर: छे हो. फॉर्म छापला तेव्हापासून आहे.

टेलरबाई: याच रोगाच्या फॉर्मात? एमएसच्या?

सिस्टर: मल्टिपल स्क्लेरोसिसच्याच. या खोलीत दुसरा फॉर्मच मिळत नाही.

टेलरबाई: सात वर्षं येतेय मी इथे. मला हे कुणी विचारलेलं नाही.

सिस्टर: असं कसं? मी या टेबलावर नवीन असेन, पण फाइल जुनी आहे. दर सहा महिन्यांनी विचारलंय. हे पहिलं वर्ष, 'नाही'. हे दुसरं, 'नाही'. हे बघा, सगळीकडे 'नाही', आणि पुढे एक बारीक बरोबरची खूण. इतकं निर्मळ उत्तर तर एखादी धडधाकट बाईही देणार नाही.

टेलरबाई: दाखवा इकडे.

सिस्टर: घ्या ना. तुमचीच आहे फाइल.

टेलरबाई: हे माझं अक्षर नाही.

सिस्टर: मग कुणाचं?

टेलरबाई: यांचं. माझ्या नवऱ्याचं. माझा हात थरथरतो, पेन धरवत नाही, म्हणून फॉर्म तेच भरतात. मी बाकावर बसायची आणि ते काउंटरवर उभ्या उभ्या भरायचे. मधूनच तिथून विचारायचे, 'मुंग्या डाव्या पायाला की दोन्ही?' मी म्हणायची दोन्ही. 'गोळ्या सकाळी एक की दोन?' मी म्हणायची दोन. सगळ्या हॉलला माझ्या मुंग्या आणि माझ्या गोळ्या पाठ झाल्या असतील. हा प्रश्न मात्र कधी माझ्यापर्यंत आला नाही.

सिस्टर: हॉलभर ओरडून विचारण्यासारखा नाहीच तो. म्हणूनच या महिन्यापासून नियम केलाय, पेशंटला एकटीला आत घ्यायचं आणि तोंडी विचारायचं. बरं, ते खोडू आपण. आज तुमचं उत्तर काय लिहू?

टेलरबाई: थांबा. पेन खाली ठेवा जरा. मला आधी एक सांगा. हे सगळं तुम्ही वाचलंत ते, इच्छा नसणं, न कळणं, आग होणं, हे या रोगाने होतं?

सिस्टर: होतं म्हणजे? निम्म्याहून जास्त बायकांना होतं. डोक्यातून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातून खाली जातो. वाटेत नसांवरचं आवरण झिजलं की पायाला मुंग्या येतात, लघवीवरचा ताबा जातो, तसंच हेही. सगळ्या नसा शेजारी शेजारी राहणाऱ्याच आहेत. पाय बिघडला म्हणून बाई सगळ्यांना सांगते आणि या गोष्टीत मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते. टेलरबाई? पाणी देऊ का?

टेलरबाई: नको. म्हणजे माझं मन मेलं नव्हतं?

सिस्टर: कुणी सांगितलं मेलं म्हणून?

टेलरबाई: मीच. दुसरं कोण सांगणार? सिस्टर, मी कापड बोटांनी ओळखायची. डोळे मिटून सांगायची, हे सुती, हे मिसळीचं, यात रेशमाचा धागा आहे. मग बोटं गेली. टाचणी टोचायची आणि रक्ताचा डाग कापडावर दिसला की कळायचं. ते मी समजून घेतलं, रोग आहे म्हटलं. पण नवऱ्याने जवळ घेतलं आणि कमरेखाली आपलं अंग आहे की शेजारीण झोपलीय तेही कळेना, तेव्हा मला वाटलं, हा रोग नाही. ही मीच अशी झाले. आटले. त्यात मांडीवर हात ठेवला तर विस्तव ठेवल्यासारखी आग. जो हात मला आवडायचा त्याची आग. मग मी काय समजायचं?

सिस्टर: कुणाला विचारलं नाहीत?

टेलरबाई: एकदा विचारलं. आमच्या घराजवळचे डॉक्टर, पिकलेल्या केसांचे. अर्धं वाक्य बोलले असेन. म्हणाले, मुलगी कॉलेजात गेली ना, आता काय करायचंय तुम्हाला ते? मी कानाला खडा लावला.

सिस्टर: त्या डॉक्टरांशी एकदा गाठ घालून द्या माझी. बरं, नवऱ्याला?

टेलरबाई: दोन वर्षं नाटक केलं. चांगलं करायची. मग एका रविवारी दुपारी अंथरूण ओलं झालं, सिस्टर. मला कळलंसुद्धा नाही, हाताला गार लागलं तेव्हा कळलं. मी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं आणि म्हटलं, मला किळस येते तुमच्या स्पर्शाची.

सिस्टर: अहो, पण का?

टेलरबाई: माझी त्यांना किळस येण्याआधी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गादी उन्हात टाकली आणि स्वतःची वळकटी बाहेरच्या खोलीत नेली. एक शब्द नाही. पाच वर्षं झाली. म्हटलं, कळलं ह्यांना. घाण वाटली.

सिस्टर: पाच वर्षं घोंगडं भिजत ठेवलंत.

टेलरबाई: भिजत नाही ठेवलं. येत्या शुक्रवारी वकिलाकडे सह्या आहेत. दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं. मी बहिणीकडे राहायला जाणार. पुढच्या खेपेला तीच आणेल मला इथे.

सिस्टर: या शुक्रवारी? म्हणजे परवा?

टेलरबाई: मीच काढला विषय. म्हटलं, माणूस चांगला आहे, त्याने जन्मभर काय पेशंट सांभाळायचा? त्याला बायको मिळू दे. मला वाटलं थोडं तरी नाही म्हणतील. ते म्हणाले, तुझी इच्छा असेल तर ठीक आहे. एवढंच. गिऱ्हाईकसुद्धा ब्लाउजच्या गळ्यावरून यापेक्षा जास्त वाद घालतं.

सिस्टर: कुठे आहेत ते आत्ता?

टेलरबाई: तुमच्या लिफ्टपाशी. लिफ्टचे मेकॅनिक आहेत. वर येताना दाराचा आवाज आला, झालं, तिथेच अडकले. मला म्हणाले, तू हो पुढे.

सिस्टर: दार वाजतंय. तेच असतील. या आत.

लिफ्टवाला: येऊ ना? सिस्टर, तुमच्या दोन नंबरच्या लिफ्टचं दार खाली घासतंय. देखभालवाल्यांना सांगा, पट्टी बदला म्हणावं. हात काळा झालाय, कुठे धुऊ? आणि फॉर्म द्या, भरून टाकतो.

सिस्टर: फॉर्म आता तुम्ही भरायचा नाही, दादा. बसा. हात राहू द्या काळा. हे जुने फॉर्म तुमच्या अक्षरातले ना?

लिफ्टवाला: हो. हिचा हात थरथरतो.

सिस्टर: अकरावा प्रश्न वाचला होता?

लिफ्टवाला: कुठला?

टेलरबाई: अहो, त्या बघतायत तुमच्याकडे. वाचला होता का ते सांगा.

लिफ्टवाला: वाचला होता.

टेलरबाई: पहिल्यापासून?

लिफ्टवाला: पहिल्यापासून.

टेलरबाई: आणि 'नाही' लिहिलंत.

लिफ्टवाला: काउंटरवर रांग असते. मागचा माणूस खांद्यावरून बघत असतो. सुरुवातीला म्हणून लिहिलं. तेव्हा काही अडचण आहे हे मला माहीतही नव्हतं.

टेलरबाई: आणि नंतर? त्या रविवारनंतर?

लिफ्टवाला: सिस्टर, हे आत्ताच बोलायला पाहिजे का?

सिस्टर: शुक्रवारनंतर बोलून उपयोग काय, दादा?

लिफ्टवाला: त्यांना हेही सांगितलंस तू. बरं. मी कामावर रोज तपासणीचा कागद भरतो. त्याची एक पद्धत असते. यंत्रात दोष असेल तर लिहायचा. माणसाने दार उघडं टाकलं म्हणून लिफ्ट थांबली, तर 'दोष आढळला नाही' लिहायचं. कारण यंत्र चांगलं असतं. हा फॉर्म रोगाचा होता. मला वाटलं, हे काही रोगाने झालेलं नाही. हिला मी नकोसा झालोय. हिने तोंडाने सांगितलं तसं. आता बायकोला नवऱ्याची किळस येते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हणून 'नाही' लिहिलं. दर सहा महिन्यांनी लिहिलं. लिहिताना दर वेळी वाटायचं की खाली सही करू नये.

टेलरबाई: पण केलीत.

लिफ्टवाला: केली.

टेलरबाई: प्रश्न माझ्या अंगाचा होता. मी दहा पावलांवर बसलेली होते. एकदा कागद घेऊन माझ्यापाशी आला असता तर मी निदान वाचलं असतं की असं होतं, बायकांना होतं, छापलेलं आहे. मी शाळेत जाऊन आलेली बाई आहे हो. पाच वर्षं मी स्वतःला दगड म्हणून घेतलंय.

लिफ्टवाला: दगड? का? सिस्टर, ही काय म्हणतेय?

सिस्टर: ती म्हणतेय की तुमचा दोष नव्हता आणि तिचाही नव्हता. रोगच आहे हा. नसेवरचं आवरण झिजलं की निरोप पोचत नाही, किंवा भलताच पोचतो. तुम्ही हात ठेवला तर तिला कळायचंच नाही, नाहीतर आग व्हायची.

लिफ्टवाला: म्हणजे वायरचं कव्हर गेल्यासारखं.

सिस्टर: तसंच म्हणा.

लिफ्टवाला: माणूस खाली उभा राहून बटण दाबतो. मोटर चांगली असते, दोर चांगला असतो. वरती कळतच नाही की कुणी बोलावलंय. खाली उभा असलेल्याला वाटतं, मुद्दाम येत नाही.

टेलरबाई: आणि तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन हेच दुरुस्त करायला जाता.

लिफ्टवाला: हो.

सिस्टर: दोघांचं झालं, आता आमचं सांगते. आमचीही चूकच आहे. एवढे 'नाही' बघून एकाही शहाण्याला शंका आली नाही. कागद आला, ठोकला शिक्का, लावला फाइलला. मीही तेच केलं असतं. टेलरबाई, तुमचं उत्तर मी 'हो' लिहितेय. पुढे सगळं सविस्तर. डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात येतील, त्यांच्याशी बोला. आग होते त्यावर गोळी आहे. कोरडेपणाला जेल मिळतं. तुमच्या जुन्या गोळ्यांतली एखादी इच्छा मारणारी असेल तर त्या बदलून देतील. आधी लघवीला जाऊन यायचं आणि खाली एक जाड टॉवेल घालायचा, म्हणजे ओलं झालं तरी आभाळ कोसळत नाही. सकाळची वेळ बरी, अंग थकलेलं नसतं. कमरेखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारी बाई वरच्या मजल्यावर बसते.

लिफ्टवाला: मग सगळं पहिल्यासारखं होईल?

सिस्टर: ते मी सांगणार नाही. काहीजणींचं बरंच परत येतं, काहीजणींचं थोडं. रोग तुमच्या घरातून जाणार नाही, दादा. शुक्रवारचं मी बोलायचं कारण नाही. वेगळं व्हायचं तर खुशाल व्हा, पण खऱ्या कारणासाठी व्हा.

टेलरबाई: खरं कारण आता शोधावं लागेल.

सिस्टर: शोधा. मी बाहेर बसते, कुणाला आत सोडत नाही. आणि हे बघा, एक साधी गोष्ट असते, आम्ही ती सगळ्यांनाच सांगतो. त्यांनी हात ठेवायचा, तुम्ही सांगायचं, इथे कळतं, इथे नाही, इथे जळतं, इथे बरं वाटतं. खोटं बोलायचं नाही. त्यांनी वाईट वाटून घ्यायचं नाही. बाकीचं घरी, दार लावून. इथे नुसता दंड, मान, पाठ. आधी तो काळा हात धुवा, बेसिन त्या कोपऱ्यात आहे.

(सिस्टर दार ओढून घेऊन बाहेर जाते. नळ वाहतो, मग बंद होतो.)

लिफ्टवाला: साबण नाही इथे. ग्रीस पूर्ण निघालं नाही.

टेलरबाई: बसा.

लिफ्टवाला: कुठे बसू?

टेलरबाई: जिथे सिस्टर बसली होती तिथे. उभे राहिलात की मला काउंटरची आठवण येते.

लिफ्टवाला: तू मला म्हणालीस किळस येते. ते खरं नव्हतं?

टेलरबाई: नव्हतं.

लिफ्टवाला: मग का म्हणालीस?

टेलरबाई: का म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे. गादी तुम्हीच उन्हात टाकलीत.

लिफ्टवाला: गादीचा काय संबंध?

टेलरबाई: ओली झाली होती.

लिफ्टवाला: हो. तू ढकललंस तेव्हा माझ्या पायाने पाण्याची बाटली लवंडली. उशाशी असायची ती.

टेलरबाई: काय म्हणालात?

लिफ्टवाला: बाटली. झाकण सैल होतं. अर्धी गादी भिजवली मी. आधीच तुला मी नको होतो, त्यात हा धांदरटपणा. म्हटलं, निदान वाळवून तरी ठेवू. का? अशी काय बघतेस?

टेलरबाई: तुम्हाला वाटलं ते पाणी होतं?

लिफ्टवाला: पाणीच होतं.

टेलरबाई: अहो, ते पाणी नव्हतं. बाटली नंतर पडली असेल. ते माझं झालं होतं. मला न कळता.

लिफ्टवाला: तुझं? त्या रविवारी?

टेलरबाई: हो.

लिफ्टवाला: आणि तुला वाटलं, मी त्यासाठी बाहेर झोपायला गेलो?

टेलरबाई: दुसरं काय वाटणार? न बोलता वळकटी उचललीत. चादर दोनदा धुतलीत.

लिफ्टवाला: मी तुझ्यापासून लांब गेलो कारण तू लांब जा म्हणालीस. वडील शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळले होते, त्यांचं सगळं मीच काढलं, तू बघितलंयस. मला ओल्या गादीची घाण वाटेल? माझ्याबद्दल एवढंच कळलं होतं तुला?

टेलरबाई: ते वडील होते. मी बायको आहे. तुमच्या डोळ्यांत मला पेशंट व्हायचं नव्हतं. एका जागी तरी नाही.

लिफ्टवाला: मग वकिलाकडे जाऊ असं तू म्हणालीस, तेव्हा?

टेलरबाई: तेव्हा तुम्ही एका वाक्यात हो म्हणालात.

लिफ्टवाला: मला वाटलं, एवढी पाच वर्षं सोसलंस मला, आता अडवलं तर जुलूम होईल. बाहेर जाऊन गाडीत बसून राहिलो. कामाला गेलोच नाही त्या दिवशी.

टेलरबाई: मला म्हणालात ओव्हरटाइम होता.

लिफ्टवाला: होय, म्हणालो.

टेलरबाई: मला तुमचा राग आलाय, हे लक्षात ठेवा. बाटलीचं ऐकून तो जाणार नाही. सगळे फॉर्म तुम्ही माझ्या नावाने भरलेत.

लिफ्टवाला: जाऊ नको देऊस. राग असू दे. मलाही आलाय, पण कुणाचा ते नीट कळत नाही. शुक्रवारी काय करायचं?

टेलरबाई: आत्ता विचारू नका. आत्ताच्या आत्ता मला हो किंवा नाही म्हणता येत नाही. सकाळी निघताना मला सगळं माहीत होतं. मी कोण, तुम्ही कोण, काय बिनसलं, कुणामुळे. त्यातलं एकही खरं निघालं नाही.

लिफ्टवाला: वकिलाला फोन करून सांगू का, या आठवड्यात नको म्हणून?

टेलरबाई: सांगा. या आठवड्यात नको. पुढचं पुढे बघू.

लिफ्टवाला: ती म्हणाली ते करायचं का? की नको? नको असेल तर नको म्हण, मी काही वाटून घेणार नाही. म्हणजे, वाटेल, पण चालेल.

टेलरबाई: करा. हळू. मला सांगून ठेवा हात.

लिफ्टवाला: दंडावर ठेवतो. कळतंय?

टेलरबाई: नाही. दिसतंय म्हणून माहीत आहे.

लिफ्टवाला: आता कोपराच्या खाली.

टेलरबाई: जळतंय. काढा. काढा लवकर.

लिफ्टवाला: काढला. चुकलं माझं.

टेलरबाई: चुकलं नाही. जळतंय एवढंच सांगितलं मी. पुढे चला.

लिफ्टवाला: खांदा.

टेलरबाई: थोडं. जाड गोधडीवरून कुणी बोट फिरवावं तसं. कळतंय, पण लांबून.

लिफ्टवाला: पाठीवर ठेवू? मधोमध.

टेलरबाई: काही नाही. ठेवलात का?

लिफ्टवाला: ठेवलाय.

टेलरबाई: मग नाही. रडू नका हो. तिने काय सांगितलंय?

लिफ्टवाला: रडत नाहीये. मान?

टेलरबाई: डोळे मिटते मी. बघून खोटं सांगितलं जाईल. हं, आता ठेवा.

लिफ्टवाला: ठेवला. कानामागे, केसांच्या खाली.

टेलरबाई: …

लिफ्टवाला: काय झालं? जळतंय का? काढू?

टेलरबाई: नाही. बोटावर ग्रीस राहिलंय तुमच्या, चिकट लागतंय. असू द्या तिथेच.